सातव्या घराचं दूध

हरमल, ता. पेडणे
१८ एप्रिल १९८८

चि. कृष्णनाथ यास सुमंगलाबायचे आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? तुझी मालती गेली तेव्हा चार ओळी धाडल्या होत्या, त्याला तीन वर्षं झाली. तू माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा, पण आपली गाठभेट म्हणजे उंबराचं फूल. हरमल आणि डिचोली, मधे दोन बसगाड्या, तरी विलायत जवळ म्हणायची. विलायतेची माणसं तरी आमच्याकडे येतात. माझी मागची खोली सध्या एका गोऱ्या जोडप्याने घेतली आहे. दोघंही दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसतात, बोलत नाहीत. भांडलेत की सुखात आहेत, कळत नाही.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. आमच्या वाड्यावर एक बाई आहे, घरोघर दूध घालते. गेल्या मंगळवारी सकाळी सरकारी जीप आली आणि साहेबाने भर रस्त्यात तिच्या कासांडीतलं दूध विकत घेतलं. तीन बाटल्यांत भरलं, लाख लावली, दोरे बांधले, सह्या घेतल्या, गेला. तेव्हापासून त्या बिचारीला घास गोड लागत नाही. तिला काय होईल? तुरुंग होतो असं धाकू म्हणतो. धाकू म्हणजे देवळाच्या वळणावरचा आमचा चहावाला. त्याला जगातलं सगळं माहीत असतं, स्वतःच्या चहात काय पडतं तेवढं सोडून.

तू या खाण्यापिण्याच्या कायद्याचा वकील, म्हणून विचारते. त्या बाईला मी सांगून ठेवलंय, माझा भाऊ शहाणा आहे, तो म्हणेल तसं कर.

तू जेवतोस कुठे? करून कोण घालतं?

सुमंगलाबाय

*

डिचोली
२४ एप्रिल १९८८

ती. सुमंगलाबायस कृष्णनाथचा नमस्कार.

पाकीट हातात आलं तेव्हा कोर्टात जायची घाई होती. तरी उभ्याउभ्या वाचलं, आणि कोर्टातून येऊन बसून वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच, किराणा दुकानाच्या पुडीवर शिकल्यासारखं. शिकलीसही तशीच ना! रघुनाथभावजी पुड्या बांधायचे आणि तू कागद वाचल्याशिवाय पुडी सोडायची नाहीस.

आधी शेजारणीचं. तीन बाटल्यांपैकी एक तपासायला जाते, दोन खात्याच्या कपाटात राहतात. तपासात दूध उतरलं नाही की खटला. खटल्याबरोबर अहवालाची प्रत घरी येते. त्या दिवसापासून दहा दिवसांच्या आत कोर्टाकडे अर्ज करून दुसरी बाटली केंद्राच्या मोठ्या प्रयोगशाळेत धाडायला सांगता येतं. तिथला शब्द शेवटचा. बाजूने आला तर माणूस ताठ मानेने घरी. विरुद्ध आला तर माझ्यासारखे दहा वकील उभे केले तरी फुकट. शिक्षा कमीत कमी सहा महिने. होय, तुरुंगच. धाकूने एकदा तरी खरं सांगितलं म्हणायचं.

म्हणून मी माझ्या अशिलांना दुसऱ्या बाटलीच्या वाटेला जाऊ देत नाही. का, ते तुला सांगायला हरकत नाही. त्यांच्या मालात भेसळ असतेच. पंचवीस वर्षं मी तेलवाले, मिरचीपूडवाले, सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवाल्यांना जेवण घालणारे हॉटेलवाले सोडवत आलो, ते बाटलीवरच्या लाखेतल्या आणि कागदावरच्या तारखेतल्या चुका काढून. हा कायदा मला कोणी शिकवला नाही. गोवा मुक्त झाल्यावर तो इकडे आला, तेव्हा पोर्तुगीज कायद्यात मुरलेले बडे वकील नाक मुरडायचे, म्हणायचे हा आचाऱ्यांचा कायदा. मी पुस्तक मागवलं, शेजारी शब्दकोश ठेवला आणि ओळ ओळ लावत गेलो. दुसरं काही जमत नव्हतं, हे जमलं.

जेवतो घरीच. पेज, भाजलेला बांगडा, लोणचं. मला कोणी जेवायला बोलावत नाही, बाय. मयेला एका लग्नाला गेलो होतो, तर मंडपात पाय ठेवतो न ठेवतो तोच आचारी आत ओरडला, "तो आयलो रे! तुपाचो डबो भितर व्हर!" सगळे हसले, मीही हसलो. पण पानावर बसलो तेव्हा वाढणारा प्रत्येक पदार्थ "घरचाच" असं सांगून वाढत होता. मालती होती तोवर हे जाणवलं नाही.

शेजारणीला दोन गोष्टी विचार. दूध गाईचं की म्हशीचं? आणि साहेबापुढे ती काही बोलली का?

कृष्णनाथ

*

हरमल
३ मे १९८८

चि. कृष्णनाथ यास आशीर्वाद.

ती शेजारीण मीच. एवढं लिहायला मला आठ दिवस लागले. सत्तरीला आलेल्या बाईला लाज वाटायला नको, पण वाटते.

दूध गाईचं. साहेबाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगायचं कोणाला? माझ्याकडे एकच गाय आहे आणि तिचं नाव चांदी आहे, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक आहे.

आणि बोलले का म्हणशील, तर बोलले. साहेब तरुण होता, चष्मेवाला, बोलायला नम्र. म्हणाला, "आजी, दुधात पाणी घातलंय का?" मी म्हटलं, "घातलंय." तो बावचळला. त्याला वाटलं असेल आपण चुकीचं ऐकलं. धाकू हॉटेलातून हात पुसत धावत आला, "अगे बाये, ना म्हण! ना म्हण!" मी म्हटलं, "ना कित्याक म्हणूं? हांव घालतां तें घालतां." तोवर दहा-बारा माणसं जमली होती. त्यांत माझी दूध घेणारीही होती. सगळ्यांनी ऐकलं.

आमच्या सासरची चाल तुला ठाऊक नसेल. निखळ दूध उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, गाईला दृष्ट लागते, ती पान्हा चोरते. म्हणून सासूबाई कासांडीत पळीभर पाणी सोडायच्या आणि वर तुळशीचं पान. चाळीस वर्षं मीही तसंच करते. ही काय चोरी आहे? चोरी असती तर रस्त्यात उभी राहून सांगितली असती का?

माझी सात घरं आहेत, कृष्णा. होती म्हणायला हवं. धनी गेल्यावर दुकान बंद केलं, मूलबाळ नाही, खोलीचं भाडं माझ्या एका पोटाला पुरून उरतं. दूध नसतं घातलं तरी चाललं असतं. पण सकाळी सात दारांतून कोणीतरी म्हणायचं, "आयलीस गे सुमंगलाबाय?" दिवसाकाठी माझं नाव घेतलं जायचं ते तेवढंच. बाकी दिवसभर मी चांदीला हाक मारते, ती मला मारत नाही. जीप येऊन गेल्यापासून दोन घरांनी भांडं पुढे करणं बंद केलं. तोंडाने काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडले तरी असते.

तुरुंगाची भीती वाटत नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाटते ती या दारांची.

सुमंगलाबाय

*

डिचोली
९ मे १९८८

ती. सुमंगलाबाय,

वेडी की काय तू! लाज कसली? मला आधीच लिहायचंस.

ऐक. दूध कोणत्या जनावराचं ते न सांगता विकलं तर कायदा ते म्हशीचं धरतो आणि म्हशीच्या दाट दुधाच्या मापाने मोजतो. अख्ख्या वाड्याला ठाऊक असलेली गोष्ट कायद्याला ठाऊक नसते, त्याला ती सांगावी लागते. तुझ्या गाईला म्हैस समजून तपासणार, आणि ती बिचारी कमी भरणार. पळीभर पाण्याने एवढ्या कासांडीत काय होतंय! मोठ्या प्रयोगशाळेत गाईचं दूध म्हणून बाटली गेली की दुधाचं दूध होईल.

एक मनातलं लिहितो. कोर्टात माझ्यामागे मला 'भेसळीचो वकील' म्हणतात. माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणतात त्यात खोटं काही नाही, म्हणून कधी वळून पाहिलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे असं माणूस आलंय, जे भर रस्त्यात खरं बोललं म्हणून अडकलं. हा खटला मला लढायचाय, बाय. तुझ्यासाठी लढीनच, थोडा माझ्यासाठीही.

खटल्याचे कागद यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जेव, झोप, आणि लोकांकडे लक्ष देऊ नकोस. कागद आले की त्याच दिवशी मला धाड.

कृष्णनाथ

*

हरमल
२७ जून १९८८

चि. कृष्णनाथ यास आशीर्वाद.

कागद अजून नाहीत. चांदी पुरती आटली. एकदम नव्हे, शिगम्यापासूनच उतरत होती. मधे तीन घरं कशीबशी टिकली होती, त्यांनाही आता सांगितलं, दूध संपलं. कासांडी घासून फळीवर पालथी घातलीय. पाय मात्र ऐकत नाहीत. सकाळ झाली की देवळाच्या वळणापर्यंत जाऊन येते. धाकू विचारतो, "खंय गे सकाळीं सकाळीं?" मी म्हणते, "फुलां काडूंक." परवा म्हणाला, "आनी फुलां खंय?" मेल्याला नको तिथे डोळे आहेत.

गोरं जोडपं गेलं. जाताना ती बाई मला मिठी मारून रडली. का रडली कोण जाणे. मला बरं वाटलं.

तुला एक विचारायचं होतं. ते तुझं नेहमीचं असतं ना, लाख, तारीख, तसलं काही पाहून सोडवता येणार नाही का? मोठ्या प्रयोगशाळेपर्यंत कशाला जायचं? माझ्यासारख्या म्हातारीपायी एवढा खटाटोप नको. तू थकतोस, प्रवास किती करशील.

सुमंगलाबाय

*

डिचोली
१७ ऑगस्ट १९८८

ती. सुमंगलाबाय,

कागद गाडीच्या कंडक्टरने काल हातात दिले. तुला ते तेरा तारखेला मिळाले, म्हणजे तेवीसला दहा दिवस पुरे होतात. मी बावीसला, सोमवारी, पेडण्याच्या कोर्टात अर्ज देणार. दुसरी बाटली धाडा म्हणून.

अहवाल पाहिला. अपेक्षेप्रमाणे म्हशीच्या मापाने मोजलंय. खरं सांगायचं तर आकडे गाईच्या मापालाही कमी भरतात. पण असले अहवाल मी पोत्याने पाहिलेत. कासांडी धड ढवळली नसेल, बाटली जीपमध्ये उन्हात राहिली असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तू जूनमध्ये म्हणालीस तशी नेहमीची वाटही सापडली बरं का. बाटलीवर जी मोहर मारतात, तिचा ठसा वेगळ्या लखोट्यातून तपासणाऱ्याकडे जावा लागतो, म्हणजे बाटली मधे कोणी फोडली नाही हे त्याला पडताळता येतं. इथे ठसा बाटलीच्याच पुडक्यात बांधून दिलाय. दुसऱ्या कोणाचा खटला असता तर मी यावर डोळे मिटून सोडवला असता. आणखी एक. तुझं ते "घातलंय" साहेबाने कागदावर घेतलेलंच नाही. कोर्टाला ते ठाऊकही नाही.

पण तुझ्यासाठी मी ही वाट धरणार नाही. लाखेवर सुटलेल्या माणसाला लोक सुटला म्हणतात, चांगला म्हणत नाहीत. माझ्या अशिलांची दुकानं मी नंतर पाहिलीत ना. निकालाच्या दिवशी पेढे वाटतात, आणि गिऱ्हाईक पेढा खाऊन पलीकडच्या दुकानात जातं. तुला तुझी दारं परत पाहिजेत. ती मोठ्या प्रयोगशाळेच्या दाखल्यानेच उघडतील. खरं माणूस घाबरतं तेव्हा मला नवल वाटतं, कारण माझ्याकडे येणारे कधीच घाबरत नाहीत.

सोबत वकीलपत्र आहे. फुली केली आहे तिथे सही कर आणि परत धाड. त्याशिवाय मला उभं राहता येणार नाही.

कृष्णनाथ

*

हरमल
१९ ऑगस्ट १९८८

चि. कृष्णनाथ,

कागद सही न करता परत पाठवते आहे. टपालाला वेळ लागेल म्हणून म्हापशाच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, तो डिचोलीच्या गाडीवर देईल. रागावायच्या आधी पुरतं वाच.

पळीभर पाण्याची चाल खरी आहे. पण त्या दिवशी पळी नव्हती. तांब्या होता.

चांदी शिगम्यात उतरू लागली. सात घरांचं दूध पाच घरांपुरतं झालं, मग चार. कुठेतरी जाऊन सांगायला हवं होतं की उद्यापासून नाही. रोज निघताना ठरवायची, आज पांडुरंगाच्या घरी सांगते. तिथे गेलं की त्याची सून म्हणायची, "बस गे, उंडो खा, पोदेर पाव घालून आताच गेलो." मग सांगणं राहून जायचं. म्हटलं, पुढच्या घरी सांगू. पुढच्या घरी कोणाचा ताप, कोणाची सोयरीक, तासभर बोलणं. तिथेही नाही. शेवटचं घर सत्यवतीचं, डोंगराच्या कडेला. तिची नजर गेली आहे, एकटी असते, मी पायरीवर आले की पावलांवरून ओळखते. तिला कुठल्या तोंडाने सांगू?

आधी अर्धा पेला घातला. मग पेला. मग तांब्या. तुळशीचं पान मात्र रोज न चुकता टाकायची. ते पान वर तरंगताना पाहिलं की मलाच वाटायचं, मी चालच पाळतेय.

साहेबाने विचारलं तेव्हा मी खरं बोलले, कृष्णा. किती घातलं असं त्याने विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. मग मला पळी आठवली, आणि मी त्या पळीमागे लपले. तूही किती ते विचारलं नाहीस. तू लिहिलंस, पहिल्यांदा खरं माणूस आलं. ते पत्र मी कितीदा वाचलं असेल. या वयात मला कोणी असं काही लिहील असं वाटलं नव्हतं. वाटलं, जगात एका ठिकाणी तरी मी तशी राहीन. म्हणून दोनदा पत्र लिहायला बसले आणि दोनदा दुसरंच काहीतरी लिहून उठले.

पण दुसरी बाटली गेली तर ती खरं सांगणार. माझे सहा महिने मी काढीन, तिथेही बायका असतीलच, बोलायला मिळेल. तू मात्र माझा हात धरून भर कोर्टात तोंडावर पडशील, आणि मागे म्हणणारे आणखी मोठ्याने म्हणतील. ते मला सोसणार नाही.

आता तू ठरव. माझा खटला नको असेल तर तसं लिही. मी काही म्हणणार नाही.

सुमंगलाबाय

*

डिचोली
२० ऑगस्ट १९८८

ती. सुमंगलाबाय,

तुझं पत्र आलं तेव्हा अर्ज टाईप होऊन मेजावर होता. फाडला.

राग आला. आला नाही म्हटलं तर तुझ्यापुढे लबाडी होईल. चहा ठेवला तो उकळून करपला इतका वेळ बसून होतो. नंतर अहवाल पुन्हा काढला. बाय, हेच आकडे एखाद्या दूधवाल्या शेटचे असते तर मी कागद हातात घेताच म्हटलं असतं, शेट, तांब्या की बादली? पंचवीस वर्षं मी दुसरं काय वाचलं? तुझे आकडे मात्र मला वाचता आले नाहीत. तू मला जशी पाहिजे होतीस तशी पाहिजे होतीस, आणि मग ऊन, जीप, ढवळणं, जे हाताला लागलं ते मी पुढे केलं. सोमवारी मी तुला माझ्या हाताने तुरुंगात घालणार होतो. माझ्या हौसेपायी.

मोहरेच्या ठशावर लढू. दुसरं वकीलपत्र सोबत आहे. याच्यावर सही कर आणि याच कंडक्टरकडे दे, तो थांबतो म्हणालाय. कोर्टात तुला काही बोलायचं नाही. खोटं बोल असं मी सांगत नाही, गप्प राहायची मुभा कायद्यानेच दिली आहे. मी कोणाच्याही साक्षीत तुझ्या खरेपणाबद्दल अवाक्षर काढणार नाही. ठसा, लखोटा, एवढंच बोलेन. ते मला येतं.

तुला विचारणार होतो, इतकी एकटी पडली होतीस तर मला का कळवलं नाहीस? लिहिता लिहिता पेन थांबलं. तीन वर्षं मी तरी कुठे कळवलं? मालती गेल्यावर मी पहिले सहा महिने दोन पानं मांडत होतो. हे आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय.

निकाल काय लागेल ते मला ठाऊक आहे. दारांचं मात्र माझ्या हातात राहिलं नाही. ते तुला आधीच कळलं होतं वाटतं.

कृष्णनाथ

*

हरमल
१२ मार्च १९८९

चि. कृष्णनाथ यास आशीर्वाद.

निकाल लागून पंधरा दिवस झाले. तू म्हणालास तसंच सगळं झालं. न्यायाधीशांनी दोन मिनिटांत वाचलं आणि मला काही कळायच्या आत तू म्हणालास, "चल." बाहेर आपण लिंबाचा सोडा घेतला, तू आपला ग्लास उजेडात धरून पाहिलास आणि सोडेवाल्याचं तोंड उतरलं. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. कोर्टाच्या आवारात मी हसले, हे लोकांनी पाहिलं. तेही इथे पोचलंय.

धाकू म्हणाला, "भाव वकील आसा, सुटतली न्हय तर कितें?" वाईट मनाने नाही म्हणाला. पण तेच सगळे म्हणतात. सुटली म्हणतात. तू लिहिलं होतंस ते पेढ्यांचं, अगदी तस्सं. मी पेढे वाटले नाहीत.

चार दिवस घरात काढले आणि मग उठले. म्हटलं, कोर्टात गप्प राहायची मुभा होती, वाड्यावर नाही. साडी बदलली आणि सातही घरी जायला निघाले. रिकाम्या हातांनी. प्रत्येक दारात एकच सांगायचं ठरवलं होतं: पळी नव्हे, तांब्याभर घालत होते, शिगम्यापासून.

एका घरी दार अर्धंच उघडलं, आणि मी अर्ध्या दाराला सांगितलं. पांडुरंगाच्या सुनेने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "आमी आता पिशवीचें घेतो," आणि आत जाऊन ती पिशवी घेऊन आली, दाखवायला, जणू मी तपासायला आले होते. उंडा खा म्हणाली नाही. गोकुळदासबाबाने पंख्याखाली बसवलं, "जावं दी गे, जालें तें जालें," म्हणाला, आणि मी उठेपर्यंत पेपरात तोंड घालून बसला. बाकीच्यांचं लिहीत नाही. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं मला का वाटतं, ते तुला कळेल.

चांदी गाभण आहे. व्याली तरी मी आता दूध घालणार नाही. चहापुरतं काढीन, बाकी वासराला. सकाळी रस्त्याने जाताना सहा दारं लागतात, मी मान खाली घालत नाही. एवढं मात्र जमलंय.

सातव्या घराचं लिहायचं राहिलं. ते त्या दिवशीही शेवटीच राहिलं होतं, तिथे जायला पाय उचलत नव्हता.

सत्यवती ओसरीवर बसली होती. मी पायरीवर आले तर म्हणाली, "सुमंगला न्हय? पावलां तुजींच. पुण कासांडीचो आवाज ना." मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पेल्याचं, तांब्याचं, पानाचं. ती हातातली वात वळत राहिली. मग म्हणाली, "म्हाका खबर आसलें."

"कशी?"

"चाय पितना कळना गे? डोळे गेले म्हजे, जीब खंय गेली?"

मी म्हटलं, "मगे इतके दीस घेतलेंस कित्याक?"

तेव्हा ती रागावली. खरंच रागावली, वात टाकून दिली. म्हणाली, "दूद नाका म्हटलें तर तूं कित्याक येतली?"

मी वात उचलून तिच्या हातात दिली आणि दुसरी वळायला घेतली, कृष्णा. तू वकील आहेस. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुला सुचलं तर लिही, नाहीतर येऊन तिलाच सांग.

सुमंगलाबाय